पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी

मिलिंद, मिस्त्री विचारून राहिला आहे, नव्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीचं काय करायचं. ठेवायची की बुजवायची. सोमवारपासून त्याला प्लास्टर सुरू करायचं आहे, माणसं खोळंबली आहेत, रोज फोन येतो. मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेते. काल तोंडातून निघून गेलं, "सरांना विचारून सांगते." तो हळूच म्हणाला, "हौ मॅडम, पहा तुमी." त्या बिचाऱ्यानं तरी दुसरं काय म्हणावं?

तू गेलास, तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अकोल्याहून तुझी सगळी मंडळी आली, भन्तेजी चांगलं बोलले, भोजनदान झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्लॅट रिकामा. परतवाड्याची माझी ताई जाता जाता बॅग भरायला लागली, तर ती माझीच बॅग होती. "चाल माह्यासंगं. इथं एकटी काय करशीन? आन् त्या घराचं काय घेऊन बसली, इकून टाक." मी म्हटलं, ताई, लग्न झाल्यापासून एकटंच राहणं चाललं आहे, त्यात नवीन काय? ती रागावली, मग रडली, मग परतवाड्याच्या गाडीत जाऊन बसली.

खोटं नाही बोलले मी. तू मुंबईत सिनेमांचे सेट लावायचास, मी इथं अमरावतीत लोकांची घरं बांधायचे. महिना महिना तुझं तोंड दिसायचं नाही. मूलबाळ झालं नाही आपल्याला, त्यामुळे घरात मी आणि फ्रिजची घरघर. पण त्या एकटेपणाला पुढे काहीतरी असायचं रे. शेड्यूल संपलं की येतो, दिवाळीच्या आधी येतो, या शनिवारी नाही तर पुढच्या शनिवारी नक्की. तू शब्द पाळायचास असं अजिबात नाही. पण चिडायला तरी काहीतरी होतं. आता चिडू कोणावर? या एकटेपणाला पुढे काहीच नाही आणि मला तो जमत नाहीये. सरळ सांगते, अजिबात जमत नाहीये.

चहा घेऊन बसले की दिवाणामागच्या भिंतीशी बोलते. तिथं तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. परवा आवाज चढला वाटतं माझा, तर शेजारच्या वहिनींनी बेल वाजवली. "कोनी आलं का मॅडम?" म्हटलं, नाही हो, टीव्ही चालू होता.

त्या डागावरून आपण किती भांडलो! तू निवृत्त होऊन आलास, दिवाणावर बैठक मारलीस, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला, केसांना खोबरेल तेल, आणि वर्ष सरायच्या आत माझ्या क्रीम रंगाच्या भिंतीवर बशीएवढा काळपट गोल. मी म्हटलं, उशी घे. तू म्हणालास, "अवं, ह्याच डागाचे मले पैसे भेटत होते." आणि तेही खोटं नव्हतं. तुझा सेट बघायला मी पहिल्यांदा आले होते तेव्हा तू हातात खोबरेल तेल आणि काजळी घेऊन एका कोऱ्या भिंतीवर डोक्याचा डागच काढत होतास. एवढा मोठा आर्ट डायरेक्टर, फडकं घेऊन भिंत मळवत बसलेला. मी विचारलं, हे काय चालवलंय? म्हणालास, या घरातला म्हातारा इथं बसून पेपर वाचतो, कित्येक वर्षं वाचतो आहे. तो पडद्यावर येईल तेव्हा येईल. त्याच्याआधी त्याचं घर येतं, आणि ते कोरं असलं तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? कडीभोवती हातांचा काळा पट्टा, शेगडीमागं फोडणीचे शिंतोडे, खुंटीखाली ओल्या छत्रीचा ओघळ. सगळं तू हातानं करायचास.

त्याच दिवशी मी तो जिना चढले होते. आठवतो? हॉलच्या मधोमध वळण घेत वर गेलेला, सुंदर कठडा. मला राहवलं नाही. आर्किटेक्ट आहे मी, जिना दिसला की पायरीची उंची बघायला चढतेच. वर पोचले तर पुढे काही नाही! प्लायवूडची फळी, बांबू, आणि त्यावर मांडी घालून डबा खाणारा एक लाइटवाला. "आओ मॅडम, खाना खाओ," म्हणाला. तू खाली पोट धरून हसत होतास. भैताड कुठला.

तू हसलास, पण त्या जिन्यानं पुढे माझा जीव खाल्ला. अमरावतीत ज्याला बघावं तो मोबाइलवर फोटो घेऊन यायचा. मॅडम, त्या सिनेमात आहे ना, तसा जिना हॉलच्या मधात पाहिजे. मी सांगायचे, अहो, हॉलचं छत दुमजली केलं तर कूलरची सगळी हवा वर जाईल, मे महिन्यात खाली बसलेल्या माणसाचं भरीत होईल. ऐकतो कोण? मग मी तुला फोन लावायचे, शॉट चालू असो की काही असो, आणि शिव्या घालायचे. तुम्ही लोक चार आठवड्यांसाठी घर उभारता, पाडता, निघून जाता, आणि निस्तरायचं आम्ही. तू म्हणायचास, "त्याईले सांग ना, तो जिना वर कुठीच जात नाही." सांगून झालं होतं रे. तरी त्यांना तोच पाहिजे असायचा.

आणि तुझा हात खऱ्या घराला लागला की काय व्हायचं, ते अकोल्यानं बघितलंच आहे. जुन्या शहरातल्या तुमच्या घराला दिवाळीचा रंग द्यायचा होता. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, पोरगा एवढा सिनेमाचे घरं रंगवतो, आपलंही रंगवू दे. तू ओसरीची भिंत पिवळी केलीस आणि मग बसलास चहाचं पाणी आणि कोळशाची पूड घेऊन. दिवसभर खपून त्या नव्या भिंतीला असं काही जुनं केलंस की माझंही मन भरून आलं, खरंच. सकाळी आपण उठलो तर सासूबाई सोड्याचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन भिंत घासत होत्या. "काय करून ठेवलं रे बाप्पा नव्या भित्तीले! लोकं काय म्हनतीन, दिवाळीले रंगसुद्धा नाही देल्ला?" अर्धी भिंत निघून आली होती. तू दारात उभा, तोंड एवढंसं. मी आतल्या खोलीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. त्या घरात सगळ्यांनी आयुष्यभर डाग धुण्यात कंबर मोडून घेतली होती, आणि तुला डाग पाहिजे होते. तुझ्या आईला ते कधीच समजलं नाही. मला समजायला लागलं तेव्हा मी कबूल केलं नाही, एवढंच.

एक मात्र मी कबूल केलेलं आहे, तुझ्यासमोर केलं नसलं तरी. तूच एकदा म्हणाला होतास, "मायचा चेहरा मले आठवतच नाही लहानपणचा. पाठच आठवते." ओटा भिंतीकडे, तोंड भिंतीकडे, आम्ही मागं पाटावर, म्हणालास. सिनेमात पाठमोरी बाई दाखवायची तर त्याला काही कारण लागतं, आमच्या घरात ती रोजच पाठमोरी होती. तू हे सहज बोललास, भाजी निवडता निवडता. मी त्या रात्री माझ्या टेबलावरचा नकाशा पुन्हा काढला. त्यानंतर मी जेवढी घरं बांधली, एकाही घरात ओटा भिंतीकडे तोंड करून ठेवला नाही. पोळ्या लाटणाऱ्या माणसाला घर दिसलं पाहिजे आणि घराला ते माणूस दिसलं पाहिजे. लोक विचारतात, मॅडम, ही आयडिया तुम्हाला कशी सुचली. मी म्हणते, सुचली अशीच. अमरावतीत आता कितीतरी बायका तुझ्यामुळे दाराकडे तोंड करून फोडणी देतात, आणि तुझं नाव कोणालाच ठाऊक नाही. सिनेमाच्या पाटीवर तरी ते बारीक अक्षरात यायचं.

असो. खिडकीवर येते.

एवढी वर्षं बिल्डरच्या फ्लॅटमध्ये काढली आपण, आणि तेही एक आर्किटेक्ट आणि एक आर्ट डायरेक्टर, म्हणजे हसण्यासारखंच की. गॅलरी मागच्या बाजूला, ड्रेनेजच्या पाइपाकडे तोंड करून. तू बडनेऱ्याला उतरून ऑटोनं यायचास, त्यातही अर्ध्या वेळा आधी अकोल्याला आईकडे उतरायचास, आणि तू आलास हे मला बेल वाजल्यावरच कळायचं. तू नेहमी त्या गॅलरीत उभा राहून कुरकुरायचास, "या घरात वाट पाहाले जागाच नाही वं." मला वाटायचं, बोलतोय काहीतरी सिनेमातलं. मी म्हणायचे, वाट मी बघते ना, तुला काय त्रास?

मग शहराबाहेरच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. नकाशा मी काढला. तू त्यात फक्त एक गोष्ट मागितलीस, पश्चिमेला मोठी खिडकी. पश्चिमेला! वऱ्हाडात! अरे, अकोल्यात पत्र्याखाली वाढलेला माणूस तू, उन्हाळ्यात ओला पंचा अंगावर घेऊन झोपणारा. तुला सांगायला पाहिजे का इथला पश्चिमेचा सूर्य काय चीज आहे? इथं आम्ही पश्चिमेला संडास-बाथरूम टाकतो, जिना टाकतो, निदान भिंत तरी कोरी ठेवतो. तू म्हणालास, संध्याकाळचं ऊन आडवं येतं, त्यात माणसाचा चेहरा काय दिसतो! मी म्हटलं, चेहरा दिसायला माणूस शुद्धीवर तर राहिला पाहिजे. म्हटलं, हा सेट नाही मिलिंद, पॅकअप झालं की घरी जायला हेच घर आहे. तू चिडलास. मीही चिडले. दोन दिवस आपण मिस्त्रीमार्फत बोलत होतो. त्याला काय मजा येत असेल!

शेवटी तूच खाली आलास, असं मला वाटलं. मी बाहेरगावच्या साइटवर गेले असताना तू मिस्त्रीला सांगून खिडकीचा खालचा कट्टा वर घेतलास, चांगला हातभर वर. मी आल्यावर म्हणालास, "घे, तुह्या उन्हासाठी अर्धी केली." मला वाटलं, तडजोड आहे. पण आर्किटेक्टच्या डोळ्याला ते काही बरं दिसेना. एवढ्या उंच कट्ट्याची खिडकी ना धड हवेला, ना धड बघायला. मी म्हटलं, आता तर ही बुजवलेलीच बरी. तू साइटवरची ती लाल प्लास्टिकची खुर्ची ओढलीस, खिडकीसमोर तुझ्या ठरलेल्या जागी ठेवलीस आणि म्हणालास, "बस ना जरा." बसले.

"काय दिसते?"

"आभाळ. दुसरं काय दिसणार?"

तू हसलास. "तुले नाहीच दिसनार, बुटके. तुह्यासाठी नाहीच ते."

माझं डोकंच फिरलं. नकाशा माझा, घर माझं, आणि खिडकी माझ्यासाठी नाही? मग कोणासाठी, विचारलं मी, तुझ्या कॅमेऱ्यासाठी? तू म्हणालास, "सांगतो, सांगतो, घर तर होऊ दे." मी गाडीला किक मारली आणि तुला मागं बसवून रस्ताभर बडबडत आले. आपलं ते भांडण तिथंच राहिलं. त्यानंतर तू साइटवर गेलाच नाहीस.

आज संध्याकाळी मी गेले. बुजवा, असं सांगायलाच गेले होते. मिस्त्री विटांवर पाणी मारत होता. लाल खुर्ची तिथंच होती, तुझ्या जागी, कोणी हलवली नव्हती. त्या माणसांनी तिच्यावर घमेलंसुद्धा ठेवलं नव्हतं, आणि साइटवर असं कधी होत नाही. मी बसले. आभाळ दिसलं. बघितलंस, म्हटलं, आभाळच आहे. बाजूला सेंट्रिंगची फळी पडली होती, ती खुर्चीवर ठेवली, तिच्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांची घडी ठेवली, आणि पुन्हा बसले. आता माझे डोळे बसलेल्या तुझ्या डोळ्यांएवढे वर आले.

उभं राहिल्यावर दिसणारा समोरच्या प्लॉटवरचा गिट्टीचा ढीग इथून दिसत नव्हता. कंपाउंडची अर्धवट भिंत, बोरची मोटर, शेजाऱ्यांचा कचरा, सगळं कट्ट्याखालीच होतं. कट्ट्याच्या बरोब्बर वर राहिला तो फक्त रस्ता, आणि त्या रस्त्याचं टोकाचं वळण. शहराकडून येणारा प्रत्येक माणूस त्या वळणावर वळतो. मी तिथं बसले असताना दूधवाला वळला, एक ऑटो वळला, शाळेतून येणारी कोणाची तरी मुलगी सायकलवर वळली. वळताना संध्याकाळचं आडवं ऊन बाजूनं त्यांच्या तोंडावर पडत होतं. तू म्हणत होतास तसाच दिसत होता चेहरा, एवढ्या लांबून, अगदी ओळखू येण्यासारखा.

मिलिंद, त्या वळणावरून रोज कोण येणार होतं? तू तर घरी बसणार होतास. "आता तू काम कर, मी बसतो," म्हणाला होतास ना? साइटवरून संध्याकाळी मी येणार होते. हेल्मेट काढून, धुळीनं माखलेली, कोणत्यातरी कंत्राटदारावर चिडलेली.

एवढी वर्षं मी वाट बघितली, तीही ड्रेनेजच्या पाइपाकडे बघत. तुला ते सगळं ठाऊक होतं. आता तुझी पाळी होती म्हणून तू जागा करून घेतली होतीस, तुझ्या मापाची. अरे, सांगायचं होतंस ना! एवढं उन्हावरून भांडलास, चेहऱ्यावरून भांडलास, हे एवढं एक वाक्य सांगितलं असतंस तर मी पश्चिमेची सगळी भिंत पाडून दिली असती तुला. आणि मग म्हणाले असते, लाज नाही वाटत का या वयात. म्हणूनच सांगितलं नसशील.

मला रडू आलं, पण रडताना कामाचंही सुचत होतं. मी मिस्त्रीला हाक मारली, फळी आणि पोती काढली आणि म्हटलं, भाऊ, तुम्ही जरा या खुर्चीत बसा. तो संकोचला. "सरांच्या जागी, मॅडम?" म्हटलं, बसा, मला बाहेरून बघायचं आहे. तू तुझ्या सेटवर असंच कोणालाही बसवून बघायचास ना. तो तुझ्याएवढाच उंच आहे. बसला, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखा.

मी गाडी काढून वळणापर्यंत गेले. तिथं वळवली आणि घराकडे तोंड करून उभी राहिले. नुसत्या विटांचं घर, त्यात ती खिडकी, आणि खिडकीत टॉवेल गुंडाळलेलं एक डोकं. खुर्ची नाही दिसत, हात नाही दिसत. डोकं तेवढं दिसतं. एवढ्या लांबूनही कळत होतं की घरात कोणीतरी बसलं आहे आणि इकडेच बघतं आहे. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. एक ऑटोवाला थांबला, म्हणाला, "काय झालं ताई, पेट्रोल संपलं का?" म्हटलं, नाही भाऊ, जा तुम्ही. घरच बघून राहिले.

परत आले तर मिस्त्री तसाच बसलेला. "दिसलो का मॅडम?"

"दिसलात."

"मंग बुजवू का?"

"नाही. ठेवा. कट्टा आहे तेवढाच ठेवा, एक वीट कमी करू नका."

"आन् ऊन? तुमीच त म्हनत होत्या."

"ऊन येऊ द्या. वर सज्जा काढू, खसाची ताटी लावू, बघू काय होते ते."

तो हो म्हणाला आणि खुर्चीतून उठला, आणि खिडकी पुन्हा रिकामी झाली.

मी या घरात राहायला जाणार आहे, मिलिंद. ताईला आजच फोनवर सांगितलं, ती पुन्हा रागावली. दिवाणामागचा तुझा डाग तिकडे नेता येणार नाही, फ्लॅट विकला की नवे लोक पहिल्या दिवशी भिंत रंगवून घेतील. त्याचं काही करता येत नाही. आणि तू जिंकलास असं तर अजिबात समजू नकोस. मे महिन्यात ते घर भट्टी होणार आहे, मी लिहून देते. संध्याकाळी साइटवरून येताना मी तुला रोज शिव्या घालीन, आणि घरात शिरेपर्यंत थांबणार नाही, त्या वळणापासूनच सुरुवात करीन.